चहा गरम कोण ठेवतं?

वाघोलीत कोणती वस्तू कधी आली, हे मला दुकानातल्या मोडक्या सामानाच्या फळीवरून सांगता येतं. आधी पंखे आणि इस्त्र्या आल्या, मग मिक्सर, पाण्याच्या मोटारी, गीझर आणि इंडक्शन. वस्तू गावात शिरली की दोन-तीन वर्षांनी माझ्याकडे येते, कारण हमी संपायला तेवढा वेळ लागतो. केसनंद फाट्याच्या अलीकडे विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचं माझं दुकान आहे. लॉकडाउन उठल्यानंतर या फळीवर एक नवी चीज दिसायला लागली. तळहाताएवढी गोल चकती, वर काच नाहीतर पत्रा, बाजूला एक बटण आणि मीटरभर वायर. आणणारी बहुतेक खराडीच्या कंपन्यांत काम करणारी आणि निम्मा आठवडा घरून काम करणारी तरुण मंडळी. ती म्हणतात, "काका, याच्यावर कप ठेवला की चहा गरम राहायचा. आता राहत नाही."

दुकानासमोरच्या बाकावर आमच्या गावठाणातले दोन-तीन म्हातारे रोज बसलेले असतात. त्यांनी ही चकती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि एकाने विचारलं, "चहा गार होईपर्यंत थांबायचंच कशाला?" सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चहा गार होतो, कारण कुणीतरी थांबलेलं असतं. कुणासाठी थांबायचं, आणि तोपर्यंत ऊब कुणी राखायची, हे दर पिढीत वेगळं ठरत आलं. मी आयटीआय झालेला माणूस आहे, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण तापणाऱ्या वस्तूंत हयात गेली आहे, तेव्हा या एका गोष्टीचा इतिहास मी सांगू शकतो.

पिलाजीराव जाधवरावांपासून सुरुवात करू, कारण वाघोलीत कोणतीही गोष्ट तिथूनच सुरू होते. शाहू महाराजांच्या काळातले हे सरदार. त्यांची समाधी गावात आहे, आणि वाघेश्वराच्या मंदिराशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांच्या काळात इथे चहा नव्हता. दारी आलेल्याला गूळ-पाणी, घरच्या माणसाला दूध. पण गरम ठेवण्याची सोय तेव्हाही होती, आणि ती पुढची दोनशे वर्षं जवळपास तशीच राहिली. ती म्हणजे चुलीचा वैल.

ज्यांनी मातीची चूल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुलीच्या मुख्य तोंडाला जाळ लागतो. तिच्या पाठीमागे किंवा बाजूला आणखी एक छोटं तोंड काढलेलं असतं. मुख्य जाळाचा उरलेला झोत आतल्या आत तिथे जातो. त्यावर भाकरी भाजत नाही, भात शिजत नाही. पण शिजलेली आमटी, तापलेलं दूध, अंघोळीच्या पाण्याचं भांडं तिथे तासन् तास कोमट-गरम राहतं. वेगळं सरपण लागत नाही. खाली शेणाच्या गोवऱ्या राखेत दाबल्या की त्या सावकाश धुमसत राहतात. राख जितकी जाड, तितकी हवा कमी आणि तितकी उष्णता मंद. आज ज्याला आम्ही तापमान नियंत्रण म्हणतो, ते माझी आई राखेच्या थराने करायची.

माझे वडील पहाटे भाजी घेऊन पुण्याला मंडईत जायचे आणि ऊन तापता तापता परत यायचे. त्यांचा चहा वैलावर असायचा, पण पूर्ण चहा नव्हे. आई गुळाचा काळा चहा एका भांड्यात ठेवायची आणि दूध दुसऱ्यात. वडिलांच्या वहाणा दारात वाजल्या की दोन्ही एकत्र करायची. दूध घालून चहा वैलावर ठेवला तर तासाभरात वर साय धरते, खाली भांड्याला करपट थर बसतो आणि पिताना घसा आवळतो. आईला ही गोष्ट कुणी शिकवली ते मला ठाऊक नाही. पण पुढे पुण्यातल्या इराण्याच्या हॉटेलात मी हीच युक्ती पाहिली तेव्हा मला नवल वाटलं नाही.

चहा आमच्याकडे आला तो मात्र उशिरा, आणि वाद घेऊन. पुण्याचं पंचहौद मिशनचं प्रकरण पुष्कळांनी ऐकलेलं असेल. १८९० साली गोपाळ विनायक जोशी यांच्या खटपटीतून शहरातली नामवंत मंडळी मिशनमध्ये जमली. त्यांत टिळक होते, रानडे होते, गोखले होते. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली आणि नंतर या चहापानाला गेलेल्यांची नावं छापून आली. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा म्हणून शहरात गहजब झाला, ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचा वाद, उभं राहिलं, शंकराचार्यांच्या पीठापर्यंत प्रकरण गेलं आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताला सामोरं जावं लागलं. काहींनी चहा प्यायला, काहींनी केवळ मान राखायला कप हातात घेऊन खाली ठेवला, असं सांगतात. तो चहा गार झाला असणार. पुण्याच्या इतिहासात गार होण्याचं कारण इतकं स्पष्ट असलेला तो बहुधा एकच चहा.

यानंतर चहा लोकांच्या गळी उतरवला तो जाहिरातींनी. मळेवाल्यांच्या मागणीवरून १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून देशभर चहाचा प्रचार सुरू झाला. १९३७ साली त्यासाठी बाजार वाढवणारं वेगळं मंडळच झालं. गिरण्या, रेल्वेची स्थानकं, जत्रा अशा ठिकाणी चहा करून दाखवला जायचा, वाटला जायचा. खेड्यात तो पोचला तेव्हा त्याच्याबरोबर आली कपबशी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्या जुन्या चहाला गरम ठेवण्याची गरजच नव्हती. त्याला गार करावं लागायचं! आधणातून उतरलेला चहा नव्वद अंशांच्या पुढे असतो आणि जिभेला साठच्या आसपासचा बरा वाटतो. म्हणून तो बशीत ओतायचा, पृष्ठभाग पसरला की झपाट्याने निवतो, फुंकर मारायची, फुरका मारायचा आणि उठायचं. शेतावर, बांधावर, ओसरीवर चहाचा कार्यक्रम पाच मिनिटांत आटपायचा. सगळे एका वेळी प्यायचे, एका वेळी उठायचे. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंशांहून जास्त गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरत असल्याचं जाहीर केलं. बशीवाल्यांनी ते न वाचताच पाळलं होतं.

मग गरम ठेवण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने कुणापुढे उभा राहिला? विकणाऱ्यापुढे. गिऱ्हाईक केव्हा येईल सांगता येत नाही आणि आल्यावर थांबायला तयार नसतं. पुण्याने या प्रश्नाची दोन उत्तरं शोधली, आणि दोन्ही अजून चालू आहेत.

पहिलं उत्तर अमृततुल्यांचं. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी ही दुकानं पुण्याच्या पेठांत काढली. बहुतेकांची नावं देवादिकांची. सोन्या मारुती चौकातलं आद्य अमृततुल्य हे त्यांतलं जुनं नाव. पितळी पातेलं, पितळी खलबत्ता, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ठेचलेलं आलं आणि वेलदोडा, फडक्यातून पिळून काढलेला चहा. त्यांचं तंत्र असं की चहा ठेवायचाच नाही. लहान घाणा टाकायचा, तो संपला की दुसरा टाकायचा. दूध-साखर-पत्ती एकत्र उकळलेला चहा टिकत नाही, हे ओळखून त्यांनी साठवणच टाळली. त्यासाठी भट्टीपुढे दिवसभर एक माणूस उभा लागतो. म्हणजे इथे ऊब माणसाच्या उभं राहण्यातून येते.

दुसरं उत्तर इराण्यांचं. डेक्कनवरचं कॅफे गुडलक १९३५ सालचं. इराणात चहा सामोवारवर होतो. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी आणि वर दाट कोऱ्या चहाची किटली. पिताना त्यात गरम पाणी घालतात, दूध घालत नाहीत. इथे आल्यावर गिऱ्हाइकाला दूध हवं होतं. इराण्याने अर्क वेगळा गरम ठेवला, दूध वेगळं आटवत ठेवलं आणि कपात दोन्ही एकत्र केले. त्यामुळे त्याच्याकडे माणूस अर्धा-अर्धा तास बसला तरी पुढचा कप पहिल्यासारखाच लागायचा. सामोवार पाहिल्यावर मला पहिल्यांदा आमच्या न्हाणीतला तांब्याचा बंब आठवला. तीच मधली नळी, तेच निखारे, तोच खालून हवा घेण्याचा जाळीचा भाग. बंबाच्या नळीला डाग द्यायला माणसं माझ्याकडे यायची. तो खरं तर तांबटाचा उद्योग, पण वाघोलीत तांबट नव्हता आणि माझ्याकडे डाग द्यायचं सामान होतं.

वाघोलीचं स्वतःचं उत्तर होतं खाणीवरची किटली. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना इथे काळ्या दगडाच्या खाणी आणि खडी मशीन होती. पुण्यातल्या कितीतरी इमारतींच्या काँक्रीटमध्ये वाघोलीची खडी आहे. वडार समाजाची कुटुंबं खाणीच्या कडेलाच पालं टाकून राहायची. रस्त्यावरच्या टपरीतून पोऱ्या ॲल्युमिनियमची किटली आणि तारेच्या जाळीत सहा ग्लास घेऊन खाणीत उतरायचा. किटलीला गोणपाट गुंडाळलेलं असायचं, तोटीत कागदाचा बोळा. सुरुंगाची शिट्टी झाली की माणसं आडोशाला जायची आणि पोऱ्या किटली पोटाशी धरून त्यांच्यामागे. धुरळा बसल्यावर चहा ओतला जायचा. गोणपाटात अडकलेली हवा उष्णता रोखते, हे आम्हाला आयटीआयमध्ये फळ्यावर शिकवलं. खाणीतल्या पोऱ्याला ते शिकवावं लागलं नव्हतं.

हवा उष्णता रोखते, मग हवाच काढून टाकली तर? हा विचार ज्याने केला त्याला चहाशी काही देणंघेणं नव्हतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर हा शास्त्रज्ञ वायू इतके थंड करत होता की त्यांचा द्रव व्हावा. तो द्रव टिकवण्यासाठी १८९२ साली त्याने काचेचं दुहेरी भिंतीचं भांडं केलं, दोन भिंतींमधली हवा काढली, आणि पुढे काचेला चांदीचा मुलामा दिला. पोकळीतून उष्णता वाहून जात नाही आणि चकाकी तिला परत फिरवते. थंड ठेवणारं भांडं गरमही ठेवतं, हे ओळखलं बर्लिनच्या राइनहोल्ड बुर्गर या काच कारागिराने. १९०४ साली त्याने आणि त्याच्या भागीदाराने थर्मॉस नावाची कंपनी काढली. ड्यूअरने पेटंट घेतलंच नव्हतं. तो कोर्टात गेला आणि हरला.

आमच्याकडे ही वस्तू थर्मास झाली. पुणेकरांना तिचं अप्रूप वाटायला आणखी एक कारण होतं, ते तळेगाव. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, म्हणजे माणशी एक पैसा गोळा करून जमलेल्या निधीतून, १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना उभा राहिला. त्याला टिळकांचा पाठिंबा होता आणि परदेशात काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. स्वदेशी काच शिकवणारी ती शाळाच होती. पुढे त्याच तळेगावात ईगल फ्लास्कचा कारखाना आला. ईगलचा थर्मास घरात असणं म्हणजे घर जरा वर सरकल्याची खूण होती.

मी दुकान टाकलं तेव्हा थर्मासच्या काचेच्या रिफिली विकायचो. बाहेरचं प्लॅस्टिक किंवा पत्र्याचं कवच वर्षानुवर्षं टिकायचं, आतली काच फुटायची. हलवून पाहिलं की खुळखुळ वाजायची. फुटण्याची कारणं दोनच. एक म्हणजे थंडगार काचेत एकदम उकळता चहा ओतणं. आधी कोमट पाण्याने विसळून घ्या म्हणून मी प्रत्येकाला सांगायचो. दुसरं कारण म्हणजे तळाच्या टोकाला धक्का. ज्या टोकातून हवा काढून काच बंद केलेली असते ते टोक फार नाजूक असतं. त्याच्या बुडाशी रबराची एक वाटी असते, ती हरवली की रिफिल गेलीच म्हणून समजा.

रिफिल विकता विकता मला कळलं की थर्मास घरात रोज वापरला जात नाही. तो कपाटावर उपडा ठेवलेला असतो आणि तीन वेळांना खाली येतो. घरात तान्हं बाळ आलं की, लांबचा एसटी प्रवास असला की, आणि कुणी दवाखान्यात असलं की. ससूनला कुणी दाखल झालं तर वाघोलीहून जाणाऱ्याच्या हातात डबा आणि खांद्याला थर्मास ठरलेला. रात्री रिफिलसाठी दार वाजलं तर मी आधी विचारायचो, "कोण आजारी आहे?" वैलावरचा चहा येणाऱ्या माणसासाठी असायचा. थर्मासमधला चहा घेऊन माणूसच दुसऱ्याकडे जायचा. पण दोन्हींत पिणारा एक आणि राखणारा दुसरा.

स्टीलच्या फ्लास्कने माझा रिफिलचा धंदा संपवला. १९७८ साली एका जपानी कंपनीने पोलादी भिंतींचा पोकळीवाला फ्लास्क केला, आमच्या बाजारात तो सर्रास व्हायला बरीच वर्षं गेली. आता टपरीवालाही किटलीऐवजी तोटीचा स्टीलचा मोठा फ्लास्क घेऊन सोसायट्यांच्या बांधकामांवर फिरतो. पडला तर पोचा येतो, फुटत नाही. दुरुस्तही करता येत नाही. पोकळी गेली की तो नुसता स्टीलचा डबा.

आता विजेकडे येतो. तारेतून वीज गेली की तार तापते, याचं गणित जेम्स ज्यूलने १८४० च्या सुमारास मांडलं. पण तापून न जळणारी, न गंजणारी तार मिळायला आणखी पासष्ट वर्षं लागली. अमेरिकेत अल्बर्ट मार्श याने निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू केला आणि १९०६ साली त्याला पेटंट मिळालं. हीच आमची नायक्रोम. इस्त्री, शेगडी, गीझर, टोस्टर, सगळे तिच्या पोटी जन्मले. आपल्याकडे खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. खेड्यांत वीज नेण्याचं काम १९६० साली झालेल्या राज्य वीज मंडळाच्या काळात वाढलं.

आमच्या घरी वीज आली तेव्हा मी शाळेत होतो. एक बल्ब, एक रेडिओ. तापवायचं काम चुलीकडेच राहिलं. वाघोलीच्या आसपास इंजिनिअरिंगची महाविद्यालयं निघाली, खोल्या भाड्याने जायला लागल्या, तेव्हा कॉइलच्या शेगड्या माझ्याकडे येऊ लागल्या. पांढऱ्या चिनी मातीच्या थाळीतल्या खाचेत वेटोळी घातलेली उघडी नायक्रोम. पोरांचा चहा, मॅगी, अंडी त्यावर व्हायची. दूध उतू गेलं की कॉइल तुटायची. तुटलेली टोकं पीळ देऊन जोडली की कॉइल आखूड होते, जास्त वीज ओढते आणि पुन्हा तुटते. घरमालकाने मीटर पाहिलं की शेगडी पलंगाखाली जायची.

या शेगडीला एकच काम यायचं, तापवणं. मंद राहणं तिला ठाऊक नव्हतं. चालू असताना दीड हजार वॅट, बंद असताना शून्य. आमच्या धंद्यात शिकायला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मोठी आग करणं सोपं आहे, लहान आग राखणं अवघड. चुलीने राखेच्या जोरावर ते सहज केलं होतं. विजेला त्यासाठी थर्मोस्टॅट स्वस्त होईपर्यंत थांबावं लागलं. अमेरिकेत १९७२ साली घरगुती वापराचं मिस्टर कॉफी नावाचं यंत्र बाजारात आलं, त्यात काचेच्या भांड्याखाली गरम राहणारी प्लेट होती. कपाखालची चकती म्हणजे तीच प्लेट, आकाराने लहान केलेली.

शिवाय लहान आग राखायची तर वीज अखंड हवी. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगायला नको. २००६ साली पुणे शहर भारनियमनातून मोकळं करण्याचा प्रयोग झाला. कारखान्यांनी आपली जनित्रं चालवायची आणि ग्राहकांनी त्याचा जादा आकार भरायचा. वाघोली तेव्हा शहराबाहेर. खराडीत दिवे असायचे आणि आमच्याकडे मेणबत्त्या. त्या काळात कुणी मला विजेवर कप गरम ठेवायची चकती दाखवली असती तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. २०२१ च्या जूनअखेरीस वाघोली इतर बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेत गेली. त्याआधीच्या वर्षी साथीने हजारो माणसांना घरात बसवून कामाला लावलं होतं. चकती आली ती या दोन गोष्टींच्या मधोमध.

ही चकती उघडली की आत फार काही नसतं. एक पातळ तापणारा थर किंवा सिरॅमिकचा तुकडा, तापमान ओळखणारा एक छोटा भाग आणि जास्त तापल्यास जळून वीज तोडणारा थर्मल फ्यूज. माझ्याकडे येणाऱ्या चकत्यांमध्ये बहुतेक वेळा तो फ्यूजच गेलेला असतो, नाहीतर सांडलेला चहा बटणात शिरलेला असतो. चकतीची ताकद साधारण वीस वॅट. एवढ्या थोड्या विजेत काय होणार, असं गिऱ्हाईक विचारतं. मी हिशेब मांडून दाखवतो. २०० मिलिलिटर चहा एक अंश तापवायला सुमारे ८४० ज्यूल लागतात. साठ अंशांचा चहा उघड्या कपात मिनिटाला साधारण एक अंशाने उतरतो. म्हणजे सेकंदाला चौदा ज्यूल जातात, म्हणजेच चौदा वॅट. जातंय तेवढंच परत द्यायचं आहे, चहा उकळायचा नाही. म्हणून वीस वॅट पुरतात. दिवसाचे आठ तास चालू ठेवली तरी युनिटचा सहावा हिस्साही होत नाही.

तक्रारींची कारणंही मग त्यातूनच निघतात. चिनी मातीच्या कपाचं बूड बहुधा आतून पोकळ असतं, कप फक्त कडेवर टेकतो आणि मध्ये हवा राहते. खाणीतल्या किटलीला जी हवा मदत करायची, तीच इथे आडवी येते. सपाट बुडाचा कप घ्या, चकतीचा अर्धा दोष जातो. उघड्या कपातून बरीचशी उष्णता वाफेवाटे जाते, म्हणून वर बशी झाका. आणि सगळ्यात मोठी तक्रार, "चव बिघडते." ती चकतीची चूक नव्हे. दूध घातलेला उकळीचा चहा तासभर गरम ठेवला तर साय धरणार आणि तो तुरट होणार. माझ्या आईने, अमृततुल्यवाल्यांनी आणि इराण्यांनी आपापल्या पद्धतीने हे ओळखलं होतं. ही चकती कोऱ्या कॉफीच्या देशात जन्मली. तिला आपल्या चहाचा स्वभाव माहीत नाही.

बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला एका मुलीने दिलं. ती चकती न्यायला आली होती आणि कानात यंत्र घालून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. बोलणं थांबवून मला म्हणाली, "काका, चहा करायला मला पाच मिनिटं मिळतात, पण प्यायला मिळत नाहीत. मीटिंग सुरू होते." माझ्या वडिलांचीही अडचण तीच होती. मंडईतला लिलाव त्यांच्या सोयीने होत नसे. त्यांचा चहा गरम राहिला कारण घरात दुसरं माणूस होतं, जे चुलीकडे एक डोळा आणि दाराकडे एक डोळा ठेवून बसलेलं होतं. या मुलीच्या घरी ती एकटीच आहे. ती स्वतःच वाट पाहायला लावते आणि स्वतःच वाट पाहते.

म्हणून चकतीची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. वैलावरच्या चहाला सरपण वेगळं लागत नसे, हे खरं. पण त्याला आईचं लक्ष लागायचं, आणि ते कुठल्याच हिशेबात धरलं जात नसे. राख सारखी करणं, दूध उतू जाऊ न देणं, उशीर झाला तर पुन्हा गोवरी सरकवणं, हे सगळं ती रोज करायची आणि त्याला कुणी काम म्हणायचं नाही. आमच्या घरांत चहा गरम ठेवण्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः बायकांच्या ताटकळण्याचा इतिहास आहे. तेवढं ताटकळणं वीस वॅटवर गेलं असेल तर तो सौदा वाईट नाही.

तेव्हा चकती घ्यायची असेल तर जरूर घ्या. आपोआप बंद होणारी बघा, सपाट बुडाचा कप वापरा, वर झाकण ठेवा, चहा कोरा ठेवून दूध आयत्या वेळी घाला आणि उठताना प्लग काढा. आणि घरात चुलीपुढे किंवा गॅसपुढे कुणी अजून तुमच्या चहासाठी थांबत असेल, तर आधी तिला विचारा की तिने स्वतःचा चहा घेतला का.